पाडवा ते पाडवा: घरखर्चाच्या वहीचं एक वर्ष

२०२४ च्या मार्च महिन्यात ह्यांच्या कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाला. नोकरी आहे तीच, पगार आहे तोच, पण दर महिन्याला जे पाच-साडेपाच हजार वरचे यायचे ते थांबले, आणि त्यावरच आमचं सगळं बसवलेलं होतं हे तेव्हा कळलं. आम्ही सांगलीत राहतो, घरात पाच माणसं. आम्ही दोघं, सासूबाई, थोरली तेव्हा नववीत चाललेली आणि धाकटा चौथीत. ह्यांचे हातात येणारे ४१,५०० आणि मी घरी ब्लाउज, फॉल-पिको करते त्याचे साधारण ९,०००. एवढ्यात भागायला हवं असं कुणीही म्हणेल, आम्हीही म्हणत होतो, पण २० तारखेनंतर एकमेकांना विचारायची पाळी यायची की तुझ्याकडे किती आहेत. आणि मग वादावादी. तू भाजीला इतके घालवतेस, तुम्ही टपरीवर चहाला किती घालवता, असलं. पुढच्या वर्षी थोरलीची दहावी, क्लासची फी डोळ्यासमोर होती, मला खरंच रात्री झोप लागायची नाही.

९ एप्रिल २०२४ ला गुढीपाडवा होता. त्या दिवशी मी धाकट्याच्या राहिलेल्या वह्यांतली एक २०० पानी वही घेतली आणि ठरवलं की पुढच्या पाडव्यापर्यंत घरात येणारा आणि जाणारा एक-एक रुपया हिच्यात लिहायचा. मोबाइलवर ॲप असतात माहिती आहे, मी दोन वापरून पण बघितले होते, पण सासूबाईंना ते जमत नाही आणि मुलांच्या हातात त्या निमित्ताने फोन जातो. वही फ्रिजवर, पेन दोरीने बांधलेलं. ज्याने खर्च केला त्याने झोपायच्या आधी लिहायचं, एवढा एकच नियम.

पहिला महिना काहीही कमी करायचं नाही, फक्त लिहायचं, हे माझ्या आईने सांगितलं होतं आणि ते फार बरोबर होतं. कारण आधीच काटकसर सुरू केली असती तर खरं चित्र दिसलंच नसतं. एप्रिल संपला, बेरीज केली, ५४,८६०. तीनदा केली. म्हणजे मिळकत ५०,५०० आणि खर्च त्याच्यावर जवळजवळ साडेचार हजार जास्त, आणि तो फरक माझ्या भिशीच्या पैशातून जात होता, जे कुणाच्या लक्षातच नव्हतं. माझ्या पण नाही. मी नुसती डब्यातून काढून देत होते.

त्या रात्री आम्ही दोघं स्वयंपाकघरात खाली बसून एक-एक रकान्याला वेगळ्या रंगाची खूण करत गेलो. घराचा हप्ता १६,२०९. किराणा ९,३४०. पेट्रोल ४,२००. मुलांची व्हॅन आणि शाळेचं बाकीचं ४,६००. भाजी-फळं ३,४५०. दूध २,७००. मोबाइल, वायफाय आणि टीव्ही मिळून २,४६०. सासूबाईंच्या गोळ्या १,४८०. आणि 'किरकोळ' म्हणून लिहिलेलं ३,९८०. ज्याच्यावरून आम्ही भांडत होतो तो टपरीचा चहा महिन्याला ४१० होता आणि मी भाजीवाल्याशी घासाघीस करून जे वाचवत होते ते शंभर-दीडशे. हे बघून ह्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "चहावर आता बोलायचं नाही." मी पण हो म्हणलं.

मे महिन्यात विजेचं बिल आलं, ३१२ युनिट, ३,७०० च्या वर. उन्हाळा होताच पण तरी. मी पहिल्यांदाच बिल मागून-पुढून नीट वाचलं. घरगुती दराचे टप्पे असतात, त्या वर्षी १०० युनिटपर्यंत ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९ आणि ३०० च्या वर गेलं की १४.५५. त्याच्यावर प्रत्येक युनिटला वहन आकार १.१७, वेगळा स्थिर आकार, आणि ह्या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे आपण वाचवलेलं युनिट हे नेहमी वरच्या महागड्या टप्प्यातलं असतं, आमच्यासारख्या घरात तेव्हा एक युनिट वाचलं की १३ रुपयांच्या आसपास वाचायचे. हे कळल्यावर दिवे बंद करा दिवे बंद करा असं मुलांच्या मागे लागण्यापेक्षा जास्त खाणारी वस्तू कुठली ते शोधू असं ठरलं. एलईडी दिवा ९ वॉटचा, तो तासभर राहिला तरी काही फार होत नाही. गिझर २,००० वॉटचा, तो तासभर पूर्ण तापत राहिला तर दोन युनिट.

आमच्याकडे गिझर सकाळी सहाला लागायचा आणि शेवटची आंघोळ होईपर्यंत म्हणजे आठ-सव्वाआठपर्यंत चालूच. आता वीस मिनिटं लावून बंद करतो, लागोपाठ तिघं आंघोळ करतात, आणि तापमानाचं बटण ५० वर आणलंय. सासूबाईंना उशिरा लागतं, त्यांचं पाणी गॅसवर नाही तर उन्हाळ्यात गच्चीत बादलीत तापतं, सांगलीचं ऊन त्याला पुरेसं आहे.

फ्रिजचं मात्र मला कळलंच नसतं. इस्त्रीवाल्या काकांनी सांगितलं की दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा, नोट सहज ओढून निघाली तर रबर गेलंय. मी चारी बाजूंनी करून बघितलं. वरच्या बाजूला नोट घट्ट बसली, उजवीकडे घट्ट, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात आली की नुसती गळून पडत होती, धरायची पण गरज नाही. तिथे हात लावला तर गार हवा बोटांना लागत होती. किती वर्षं हे असं चाललं असेल कुणास ठाऊक. रबर बदलायला ६५० रुपये गेले, माणूस घरी येऊन अर्ध्या तासात बसवून गेला. त्या आधी दिवसरात्र घुर्र चालू असणारा फ्रिज दुपारी शांत बसलेला मी पहिल्यांदा ऐकला.

पंखे जून आणि ऑगस्ट असे दोनदा मिळून दोन बदलले, हॉलचा आणि सासूबाईंच्या खोलीतला, कारण तेच दोन दिवसाचे चौदा-पंधरा तास फिरतात. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास असतो, हे नवीन बीएलडीसी मोटरचे २८ ते ३५. एकाला २,७५० पडले. बेडरूमचा आणि मुलांच्या खोलीतला मुद्दाम नाही बदलला, ते सात-आठ तासच चालतात, पैसे वसूल व्हायला फार वेळ लागतो. एकदम सगळे बदलू नका असं मी सांगेन, आधी तास मोजा.

आता बँकेचं. हे सगळ्यात लांबलं आणि ह्याच्याबद्दल मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घराचं कर्ज आमचं २०१७ चं, दोघांच्या नावावर. तेव्हाची कर्जं एमसीएलआरवर, म्हणजे बँकेने स्वतःच्या खर्चावरून ठरवलेल्या दरावर असायची. ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेने नवीन गृहकर्जाचा बदलता दर बाहेरच्या दराशी, म्हणजे बहुतेक रेपो रेटशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) जोडायला लावला. पण जुनी कर्जं आपोआप तिकडे जात नाहीत, आपण अर्ज करावा लागतो. आम्हाला ह्यातलं काहीच माहिती नव्हतं. ह्यांच्या कंपनीतल्या एकाने नवीन कर्ज घेतलं, त्याला ८.५०-८.६० चा दर लागला आणि आमचा स्टेटमेंटवर ९.३५ दिसत होता, तेव्हा हे घरी येऊन चक्क वही घेऊन बसले.

१० जून, सोमवारी पहिल्यांदा शाखेत गेलो. ह्यांनी अर्धी रजा टाकली. काउंटरवर कळलं की कर्जाचं काम वेगळ्या विभागात, तिथले साहेब अकराला येतात. बसलो. साहेब चांगले बोलले, म्हणाले होतं, पण दोघांनी सही करायची, दोघांचं आधार-पॅन, आणि बदलाची फी भरायची, आमची ६,००० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ७,०८०. ती ऐकून मी मागे सरकले होते. घरी येऊन हिशोब मांडला. शिल्लक कर्ज १४ लाख, राहिलेली मुदत १२ वर्षं. ९.३५ ला हप्ता १६,२०९, ८.६० ला सुमारे १५,६२०. महिन्याला ५९० चा फरक. म्हणजे वर्षभरात फी निघते आणि पुढची अकरा वर्षं फायदा. करायचंच ठरलं.

१८ जूनला कागद घेऊन गेलो तर माझी सही जुळेना. २०१७ ला करारावर मी मराठीत सही केली होती, माहेरी शिकवली होती तशी, आडनाव पूर्ण. नंतर पॅन काढलं तेव्हा इंग्रजीत केली आणि तीच सवय लागली, मराठी सही कुठे केली होती हेही मी विसरले होते. साहेबांनी सात वर्षांपूर्वीच्या कराराची प्रत वळवून माझ्यासमोर ठेवली, आणि ती गोल अक्षरातली सही बघून क्षणभर माझीच मला ओळखू आली नाही. त्यांनी एक फॉर्म दिला, त्याच्यावर दोन्ही सह्या त्यांच्यासमोर करायच्या, फोटो लावायचा, ओळखपत्राची प्रत जोडायची. फोटो जवळ नव्हता. म्हणजे परत यायचं आलं. २७ तारखेला तो फॉर्म दिला, ४ जुलैला फी कापली गेली आणि सुधारित कराराच्या कागदावर सह्या झाल्या. तेव्हा विचारलं की हप्ता कमी करायचा का हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची. खरं तर हप्ता तोच ठेवला असता तर कर्ज नऊ महिने आधी फिटलं असतं, ज्याला जमतंय त्याने तेच करावं असं माझं मत आहे. आम्हाला त्या वर्षी हातात पैसे हवे होते म्हणून हप्ता कमी करून घेतला. ५ ऑगस्टला नवीन हप्ता गेला. तीन अर्ध्या रजा, चार वेळा येणं-जाणं, जवळजवळ दोन महिने.

जाताना हे नक्की न्या: कर्ज खात्याचं ताजं स्टेटमेंट, दोघांचं आधार-पॅन मूळ आणि झेरॉक्स, प्रत्येकी चार फोटो, आणि करारावर तेव्हा कशी सही केली होती ते आधी घरच्या प्रतीवर बघून जा. आणि दर बदलल्याचं पत्र हातात किंवा मेलवर मागून घ्या. पुढे ७ फेब्रुवारी २०२५ ला रेपो रेट ६.५० वरून ६.२५ झाला. रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर निदान तीन महिन्यांतून एकदा तरी बदलून मिळायला लागतो, त्यामुळे ती कपात आमच्या हप्त्याला आपोआप लागू होणारी होती, त्यासाठी अर्ज-बिर्ज काही नाही. अर्थात रेपो वाढला की हप्ता पण वाढणार, ते धरून चालायचं.

जून-जुलैमध्येच गोळ्यांचं झालं. सासूबाईंना बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल, तिन्ही. १,४८० महिन्याला, वर्षाचे पावणेअठरा हजार. जनऔषधी केंद्राची पाटी रोज बघत होतो पण स्वस्त म्हणजे हलकं असणार असं मनात बसलेलं. सासूबाई तर म्हणाल्या, "माझ्या जिवावर नका वाचवू ग." ते ऐकून मला फार लागलं. मग मी त्यांना घेऊनच डॉक्टरांकडे गेले आणि त्यांच्या समोरच विचारलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाची मूळ नावं लिहून दिली, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, अटोर्वास्टॅटिन असं मिलीग्रॅमसकट, आणि सांगितलं की औषध तेच आहे, पण बदलल्यावर महिन्याने उपाशीपोटीची शुगर आणि बीपी बघू आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) करू. एक गोळी त्यांनी आहे तीच ठेवायला सांगितली, ती आम्ही आजही पूर्वीच्याच दुकानातून घेतो. आपल्या मनाने बदलू नका, हे मी कळकळीने सांगते, डॉक्टरांना विचारा.

आधी एकच महिन्याच्या घेतल्या. ४३० रुपये, त्यात ती एक गोळी धरून. सासूबाईंनी पावती हातात घेऊन दोन वेळा वाचली आणि मला म्हणाल्या, उरलेल्या कुठे आहेत? सगळ्या त्याच पिशवीत होत्या. महिन्याने बीपी नेहमीसारखंच. ऑक्टोबरमध्ये एचबीएवनसी ७.०, आधीचं ७.१ होतं. त्या दिवसापासून त्या स्वतःच शेजारच्या आजींना चिठ्ठी घेऊन जायला सांगतात. जनऔषधी सुगम नावाचं ॲप आहे, त्यात मूळ नाव टाकलं की किंमत आणि जवळचं केंद्र दिसतं. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी जायचं, म्हणजे निवांत मिळतात.

जुलैत मोबाइलचे रिचार्ज महागले, सगळ्यांनाच आठवत असेल. आमच्या घरात चार नंबर आणि शिवाय वायफाय. वायफाय घरात असताना थोरलीच्या आणि माझ्या फोनवर रोजचा दीड-दोन जीबी डेटा कशाला, हा प्रश्न वहीमुळेच पडला. आम्ही दोघींनी कमी डेटाचे, जास्त दिवसांचे प्लॅन घेतले. ह्यांनी नंबर पोर्ट केला, इंग्रजीत पोर्ट लिहून जागा सोडून स्वतःचा नंबर १९०० ला पाठवायचा, कोड येतो, तो घेऊन दुसऱ्या कंपनीच्या दुकानात आधार दाखवायचं, तीन-चार दिवसांत होतं. सासूबाईंना नुसतं बोलायला लागतं, त्यांचं मात्र जानेवारी २०२५ पर्यंत थांबावं लागलं, ट्राय म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या सांगण्यावरून फक्त कॉल-एसएमएसचे पॅक आले तेव्हा त्यांचा नंबर त्याच्यावर टाकला. टीव्हीची जोडणी बंद नाही केली, मुलांच्या आणि सासूबाईंच्या संमतीने फक्त न बघितले जाणारे चॅनल काढले. त्यांची संध्याकाळची मालिका ही त्यांची सोबत आहे, ती वाचवायच्या यादीत कधी आलीच नाही.

आणि यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' म्हणून एक जागा असते ती एकदा उघडून बघाच. आमच्याकडे लॉकडाऊनच्या वेळी मुलांच्या अभ्यासाचं काहीतरी घेतलेलं, ३९९ महिन्याला, ते अजून कापलं जात होतं. कुणी वर्षभर उघडलंही नव्हतं.

किराण्याचं सांगायचं तर इथे मला जेवढं वाटलं होतं तेवढं नाही वाचलं. मे महिन्यात मार्केट यार्डातून वर्षाचा गहू आणि शाळू भरला, दोन दिवस गच्चीत ऊन दाखवून, कोठीत खाली-वर कडुनिंबाचा पाला घालून, आणि तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात लावून ठेवली. सासूबाई खाटेवर बसून सगळं करून घेत होत्या, त्यांच्या अंगात दहा वर्षांपूर्वीचा उत्साह आला होता. पण पाकिटाच्या पिठाच्या तुलनेत दळणाचे पैसे धरून महिन्याला दीडशेच सुटतात. चपातीला चव वेगळी, हे आहेच. चटणीला मात्र फरक मोठा. ब्याडगी, संकेश्वरी आणि थोडी लवंगी अशी मिरची, कांदा-लसूण-खोबरं घरात भाजून डंकावर नेली, वर्षाची चटणी झाली आणि तयार मसाल्याची पाकिटं आणणं जवळजवळ बंद झालं.

पैसा खरा जात होता तो मोठ्या दुकानात महिन्यातून दोनदा 'स्वस्त मिळतं' म्हणून जाण्यात. एकावर एक मोफत बिस्किटं, तीन शाम्पू, नवीन आलेला सॉस. जुलैपासून यादी घरात करायची, डबे उघडून बघून, आणि कोपऱ्यावरच्या वाण्याला द्यायची, असं परत सुरू केलं. तिथे किलोमागे दोन-चार रुपये जास्त पडत असतील, पण यादीत नसलेलं घरात येत नाही. जुलैच्या शेवटी कृष्णेचं पाणी वाढायला लागलं, आयर्विन पुलाकडे रोज सगळ्यांचं लक्ष, २०१९ चा महापूर आठवून पोटात गोळा येतो आमच्याकडे. त्या पंधरवड्यात भाजी एवढी महागली की वहीतला आकडा उलट वर गेला. आणि १४ सप्टेंबरला खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं, दिवाळीच्या तोंडावर तेलाने सगळी गणितं मोडली. फराळ थोडा कमी केला, चकली आणि चिवडा केला, शेव विकत आणली कारण शेवेला तेल फार. पण केला. नोव्हेंबरमध्ये वही बघून मला रडायला आलं होतं, चार महिन्यांचं वाचवलेलं दिवाळीत आणि एका जवळच्या लग्नाच्या आहेरात गेलं. ह्यांनी समजावलं की वही नसती तर हे भिशीतून गेलं असतं आणि कळलंही नसतं.

गॅसवर दोन ओळी. सिलेंडर लावला की त्याच्यावर खडूने तारीख लिहायची. पहिला ३३ दिवस गेला. बर्नरची भोकं साफ केली, डाळ-कडधान्य आधी भिजवायला लागले, कुकरला एकदम दोन डबे, आणि शिट्टी झाली की बारीक. आता ४२ ते ४४ दिवस जातो. महिन्याला दोनशेच्या आतच वाचतात, पण धाकट्याला तो खडू फार आवडतो, तारीख लिहायचा मान त्याचा.

पेट्रोलमध्ये पाचशेच कमी झाले. हे एका सहकाऱ्याबरोबर एका दिवसाआड एकमेकांच्या गाडीवर जातात, पण पाळी बदलली की ते मोडतं. व्हॅन बंद करायचा विचार केला होता, रस्ता बघितला आणि सोडून दिला. दूध कमी नाही केलं. फळं कमी नाही केली. थोरलीचं सहामाहीनंतर गणित मागे पडलं तेव्हा जानेवारीपासून ७०० रुपये महिन्याची शिकवणी उलट वाढवली.

फेब्रुवारी २०२५ चं विजेचं बिल आलं ते १३१ युनिट. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, जुनं बिल काढून बघितलं तर फेब्रुवारी २०२४ ला २१४ होते. दर मधे वाढलेत, तरी बिल २,२०० वरून साडेबाराशेच्या आत आलं. मी तो कागद सासूबाईंना दाखवला, त्यांनी चष्मा लावून बघितला आणि देवापुढे ठेवायला सांगितला.

वर्षाची सगळी बेरीज मार्चच्या शेवटच्या आठवड्यात केली. दिवाळी, लग्न आणि मी वर सांगितलेला बँकेचा, पंख्यांचा, रबराचा खर्च बाजूला ठेवला तर महिन्याचा नेहमीचा खर्च साडेसहा ते सात हजारांनी खाली आला होता. सगळ्यात मोठा वाटा किराण्याच्या यादीचा आणि त्या 'किरकोळ'चा, दोन्ही दीड-दीड हजारांच्या आसपास, मग गोळ्या, मग वीज, मग मोबाइल, मग हप्ता. थोरलीच्या दहावीच्या क्लासचा पहिला हप्ता १२,००० चा, २२ मार्चला भरला. भिशीला हात न लावता. फी भरून आल्यावर ती पावती तिनेच वहीत चिकटवली.

कुणी सुरू करणार असेल तर घरातल्या सगळ्यांनी लिहायचं, एकट्या बाईने नाही, हे एवढं जमवा. आमच्याकडे ह्यांनी पहिले पंधरा दिवस टाळाटाळ केली, मग सासूबाईंनीच त्यांना रोज रात्री वही हातात द्यायला सुरुवात केली.

३० मार्चला पाडवा होता. जुन्या वहीची सोळा पानं उरली होती तरी नवीन वही काढली. सकाळी गुढीसाठी सामान आणायला धाकटा ह्यांच्याबरोबर गेला होता, आला आणि चप्पल न काढताच फ्रिजपाशी जाऊन पहिल्या पानावर लिहिलं, 'गाठी ४० रु., कडुनिंब फुकट (मागच्या दाराचा)'.